नागपुरात अडचणीच्या वेळी मदत कुठे मागायची, आणि आधी काय करायचं

दवाखान्याचं बिल भरून झालं की मुख्यमंत्री सहायता निधीतून ते परत मिळत नाही. पुराचा गाळ धुऊन काढला की पंचनाम्याला नुकसान दिसत नाही. अपघातात गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन घरच्यांनी टाळलं की विम्याचा दावा अडतो. मदत हुकते ती नेहमी माणूस पात्र नसतो म्हणूनच असं नाही. पात्र माणसाचीसुद्धा हुकते, कारण दुसऱ्या क्रमांकाचं काम पहिलं होऊन बसतं. म्हणून इथे योजनांची यादी न देता क्रम दिला आहे. स्वतःसाठी वापरा किंवा शेजारच्या घरासाठी. अडचणीतल्या माणसाच्या बाजूने डोकं शांत असलेलं कुणीतरी बसलं तर हा क्रम सहज पाळता येतो.

आधी फोन

जिवाला धोका असेल, मारहाण चालू असेल किंवा आग लागली असेल तर ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायचं असेल तर १०२. १०८ ला पत्ता सांगताना नुसतं नगराचं नाव सांगू नका. नागपुरात एकाच नावाचे लेआउट आणि नगरं वेगवेगळ्या टोकांना सापडतात. जवळचा चौक, पाण्याची टाकी, शाळा अशी खूण सांगा आणि एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

बाकीचे नंबर कागदावर लिहून फ्रीजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. महिलांसाठी १८१, संकटातल्या मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८), मनावरचा ताण असह्य झाला असेल तर टेली-मानसचा १४४१६, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. टेली-मानस चोवीस तास चालतं आणि तिथे मराठीत बोलता येतं. १९३० ला मात्र पैसे गेल्याचं कळताक्षणी फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची शक्यता असते, त्यामुळे आधी बँकेत जाऊन रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका.

कागदांची एक पिशवी

प्लॅस्टिकची चेन असलेली एक पिशवी घ्या. त्यात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, मतदार ओळखपत्र, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट आकाराचे सहा-सात फोटो ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एकेक स्पष्ट फोटो. अस्सल कागद कुठल्याही खिडकीवर सोडून यायचे नाहीत. ते दाखवायचे आणि परत घ्यायचे.

यातला सगळ्यात जास्त अडवणारा कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला की तो १५ दिवसांत मिळायला हवा. संकट आल्यावर हे १५ दिवस फार मोठे वाटतात. म्हणून घरात कुणी आजारी असेल किंवा काम सुटायची चिन्हं असतील तर दाखला आधीच काढून ठेवा आणि दरवर्षी नवा करा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. कुणी ५०० रुपयांचा स्टँप आणायला सांगत असेल तर कोणत्या नियमाने ते विचारा.

दुसरी अडचण तहसीलच्या हद्दीची. महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना नागपूर शहर तहसील. वाडी, बेसा, बुटीबोरी ही नागपूर ग्रामीणमध्ये येतात, वानाडोंगरी हिंगणा तालुक्यात, कोराडी कामठी तालुक्यात. शहराला लागून घर आहे म्हणून शहर तहसीलमध्ये रांग लावली तर अख्खा दिवस जातो आणि अर्ज परत येतो.

तिसरी अडचण बँकेची. खातं आधारला 'लिंक' असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलेलं असणं वेगळं. योजनेचे पैसे ज्या खात्याची ही जोडणी सगळ्यात शेवटी झाली त्याच खात्यात जातात, मग अर्जावर तुम्ही कुठलाही नंबर लिहा. पैसे आलेच नाहीत अशी तक्रार असते आणि ते दोन वर्षांपूर्वी उघडून विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. मात्र ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. जोडणी बदलायची तर हव्या त्या बँकेत संमतीपत्र भरून द्या. कुठलंच खातं धड नसेल तर टपाल कार्यालयात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं आधारवर उघडता येतं.

दवाखाना: पैसे भरण्याआधीचे प्रश्न

नागपुरात सरकारी उपचारांसाठी मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), डागा (स्त्री रुग्णालय), मेडिकलला जोडलेलं सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स हे मोठे दरवाजे आहेत. एक फरक लोकांना माहीत नसतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि डागा त्या विभागाचं आहे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत, तिथे थोडं का होईना शुल्क लागतं. ते परवडत नसेल तर वॉर्डातल्या डॉक्टरकडे रडण्यापेक्षा त्याच इमारतीत 'समाजसेवा अधीक्षक' कुठे बसतात ते विचारा. शुल्कमाफीची शिफारस, बाहेरून लागणाऱ्या औषधासाठी दात्याशी जोडणी, बेवारस रुग्णाची व्यवस्था ही त्यांची कामं आहेत. पिवळं रेशन कार्ड असेल तर केसपेपर काढतानाच दाखवा.

खाजगी दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर भरती करतानाच, अनामत भरण्याआधी, तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे.

पहिला: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा दवाखाना आहे का, आणि हा उपचार बसतो का? योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न देता मिळतात, आणि आता पांढऱ्या रेशन कार्डालाही ती लागू आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, दवाखान्यात 'आरोग्यमित्र' असतो. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरची चिठ्ठी त्याच्याकडे द्या. तो ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतो आणि ती आल्यावर उपचार सुरू होतात. तातडीच्या वेळी परवानगी फोनवर मिळते आणि कागद मागाहून द्यायचे असतात. गडबड इथेच होते. 'आधी भरती करा, योजना नंतर पाहू' असं ऐकून लोक अनामत भरतात, रुग्णाची नोंद रोखीचा रुग्ण म्हणून होते आणि पुढे ती योजनेत वळवताना अडचण येते. आणखी एक गोष्ट: काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. आरोग्यमित्राने 'इथे होणार नाही' म्हटलं तर लगेच विचारा, मग नागपुरात कुठे होईल. शंका असेल तर १५५३८८ वर फोन करून तिथल्या तिथे खात्री करा. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ते वेगळं काढून ठेवा.

दुसरा: हा दवाखाना धर्मादाय न्यासाचा आहे का? असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक नुसार त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. त्यासाठी तोच तहसीलदाराचा दाखला लागतो. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणं आणि जीव वाचवण्याचे उपचार देणं अशा दवाखान्याला बंधनकारक आहे. 'खाटा भरल्या आहेत' असं उत्तर मिळालं तर रिकाम्या राखीव खाटांची माहिती लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज द्या. तोंडी भांडणापेक्षा एका पानाचा अर्ज जास्त काम करतो. मागणी मात्र रुग्ण भरती असतानाच करा. दवाखान्यातून सुटी मिळण्याच्या दिवशी बिल हातात आल्यावर सांगितलं तर आधीच्या दिवसांची सवलत मिळवणं फार कठीण.

तिसरा प्रश्न वरच्या दोन्हींतून काम झालं नाही तरच: मुख्यमंत्री सहायता निधी. हा निधी अशा उपचारांसाठी आहे जे सरकारी योजनेत बसत नाहीत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात देता येतो. चौकशीचा मोफत नंबर १८०० १२३ २२११. अर्जासोबत दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि खाजगी दवाखाना असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. १ लाख ६० हजारांच्या आतला चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचं आधार, रेशन कार्ड, तपासणीचे अहवाल, भरती असलेल्या रुग्णाचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो, आणि अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची (दवाखान्यातल्या पोलीस केसच्या नोंदीची) प्रत हेही जोडा. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात. खर्चाचा काही भागच मिळतो, त्यामुळे उरलेल्याची सोय समांतर करत राहा. लहान बाळाच्या बाबतीत आईचं आधार लागतं, ते लोक हमखास विसरतात.

घरातला कमावता माणूस गेला तर

हा भाग सगळ्यात अवघड, कारण करायची कामं त्याच दोन-चार दिवसांत असतात जेव्हा घरातलं कुणीच भानावर नसतं. शेजाऱ्यांनी, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे हातात घ्यावं.

मृत्यू अपघाती असेल, म्हणजे रस्ता, वीज, पाणी, उंचीवरून पडणं, साप, तर पोलिसांना कळवणं आणि मेडिकल किंवा मेयोत शवविच्छेदन होऊ देणं हे पहिलं काम. घरच्यांचा जीव तुटतो, पण पुढच्या जवळपास प्रत्येक दाव्याला पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि घाटावरची पावती घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात जा. झोन दहा आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच लिहायला सांगा. 'रामदास' आणि 'रामदासजी' एवढ्या फरकावर बँक दावा थांबवते. दहा प्रती एकदम घ्या.

मग मृताची सगळी पासबुकं काढा आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कारण कोणतंही असो २ लाख. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही कापले असतील आणि मृत्यू अपघाती असेल तर दोन्ही मिळतात. बँक स्वतःहून बोलवत नाही. दाव्याचा फॉर्म तिथेच मागावा लागतो, तोही पहिल्या महिन्यातच.

माणूस कंपनीत किंवा ठेकेदाराकडे कामाला असेल आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तीन वेगळे दावे असतात: निधीची रक्कम, पत्नी-मुलांचं पेन्शन, आणि कर्मचारी ठेव संलग्न विमा, ज्यात कमाल ७ लाख मिळू शकतात. लोक पहिला दावा करतात आणि थांबतात. बांधकामावर काम करणाऱ्याची इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी जिवंत असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावरच्या अपघाताला ५ लाख, अंत्यविधीसाठी १० हजार आणि विधवेला पाच वर्षं दरवर्षी २४ हजार अशी तरतूद आहे. नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि ते राहून गेलेलं असलं की हे सगळं हातचं जातं. घरात बांधकाम कामगार असेल तर आजच तारीख पाहा.

वाहन धडक देऊन पळून गेलं आणि सापडलंच नाही तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार भरपाई केंद्राच्या योजनेतून मिळते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे २० हजार एकरकमी तहसीलमधून.

मुलं १८ च्या आतली असतील तर बाल संगोपन योजना विसरू नका. आई किंवा वडील यांपैकी एक गेले असले तरी अर्ज करता येतो. मुलामागे महिन्याला २ हजार २५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. मुलाला संस्थेत ठेवायची गरज नसते, ते घरीच राहतं. मूल संस्थेत जाईल या भीतीने बऱ्याच आया अर्जच करत नाहीत.

दरमहा हाताशी काही हवं असेल तर

विधवा, परित्यक्ता, किमान ४० टक्के दिव्यांग, कॅन्सर-क्षयासारख्या आजाराने काम करू न शकणारे यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ. महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार. ही मर्यादा अगदीच तुटपुंजी आहे आणि खऱ्या गरजूंनाही बाहेर ठेवते हे उघड आहे. तरी खोटा दाखला काढू नका, पडताळणीत अनुदान बंद होतं आणि वसुली लागते. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. त्यासाठी जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव किंवा शाळेचा दाखला चालतो. सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला म्हणून पैसे थांबलेली आजी आपल्या गल्लीत नक्की असेल, तिला विचारा. लाडकी बहीण योजनेचे पैसे सोबत मिळत नाहीत, दोन्हींकडे अर्ज केला तर एक बंद होतो.

रेशनचं गणित सोपं आहे. अंत्योदयाच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, दोन्ही मोफत. शहरात प्राधान्यासाठी उत्पन्न मर्यादा ५९ हजार. केशरी कार्ड आहे पण धान्य येत नाही, अशांनी आपल्या भागाच्या परिमंडळ अधिकाऱ्याकडे समावेशासाठी अर्ज द्यावा. ई-केवायसी घरातल्या प्रत्येकाची करा, न केलेल्याचं धान्य थांबतं. कामासाठी छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया कुठूनही आलेल्या कुटुंबाला आपल्या गावच्या कार्डावर नागपुरात धान्य उचलता येतं. त्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७. आणि आज रात्रीचाच प्रश्न असेल तर गुरुद्वाऱ्यातलं लंगर आणि सरकारी दवाखान्यांच्या आवारात संस्था वाटतात ते जेवण, यात कुणालाही कागद दाखवावा लागत नाही. झोपायला जागा नसेल तर महापालिकेच्या समाज विकास विभागाचे शहरी बेघर निवारे आहेत.

घरातच धोका असेल तर

मारहाण होत असलेल्या बाईने घर सोडण्याआधी शक्य असेल तर कागदांची पिशवी, मुलांचे शाळेचे दाखले आणि अंगावरचे दागिने घ्यावेत. शक्य नसेल तर जीव घेऊन निघावं, कागद पोलिसांच्या मदतीने नंतर आणता येतात. १८१ वरून 'सखी' वन स्टॉप सेंटरशी जोडणी होते. तिथे पाच दिवसांपर्यंत राहणं, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि वकील एका छताखाली मिळतात. नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही याच कामासाठी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत केलेल्या अर्जाने त्याच घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची मागणी दोन्ही करता येतात. वकिलाच्या फीची चिंता नको: जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांनाही तसाच. इतरांना वार्षिक ३ लाखांची मर्यादा.

मुलं सांभाळत नाहीत अशा आईवडिलांनी आईवडील व ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो, आणि वकील लागतच नाही.

पाणी घरात शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अशा वेळी मेन स्विच बंद करून माणसं वर हलवली की पुढचं काम फोटोचं. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फ्रीज, गाद्या, दुकानातला माल, प्रत्येकाचा जवळून एक आणि खोली ओळखू येईल असा दुरून एक. त्यानंतरच साफसफाई. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका; इंजिनात पाणी खेचलं गेलं की विमा कंपनी ते नुकसान तुमच्या चुकीचं ठरवते. पंचनाम्याला तलाठी आल्यावर घरात कुणीतरी हजर असलंच पाहिजे. दाराला कुलूप दिसलं की ते घर यादीतून सुटतं. भाडेकरूंनी आपलं नाव वेगळं लिहून घ्यावं, नाहीतर सामान त्यांचं बुडतं आणि नोंद घरमालकाची होते. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, खातं क्रमांक तपासा, मोबाइलवर फोटो काढा.

खिडकीवर

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. तोंडी 'होत नाही' हे उत्तर नव्हे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. 'काम करून देतो' म्हणणाऱ्याला अस्सल कागद, ओटीपी किंवा आधारचा अंगठा देऊ नका. योजनेचा फॉर्म फुकट असतो. सोमवार आणि सणानंतरचा पहिला दिवस टाळा, सकाळी साडेदहाच्या आत पोहोचा, आणि वहीच्या एका पानावर तारीख, कार्यालय, कोणत्या टेबलाशी बोललो आणि पुढे कधी बोलावलं एवढं लिहीत जा. दुसऱ्यांदा गेल्यावर हेच पान पुढे करायचं.